लिंकन यांचे दुसरे शपथविधी भाषण : युद्धकालीन नेतृत्व आणि ईश्वरश्रद्धा

प्रस्तावना :
युद्धकाळात राज्यकर्ते बहुधा ईश्वराला आपल्या पक्षाचा पाठीराखा ठरवितात. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) दक्षिणेकडील फुटीर राज्यांनी तर आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतच सर्वशक्तिमान ईश्वराच्या कृपेचे आवाहन केले होते. या पार्श्वभूमीवर राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी ४ मार्च १८६५ रोजी केलेले सुमारे ७०० शब्दांचे भाषण श्रद्धेचा निराळा विनियोग दर्शविते.

विवेचन :
लिंकन कोणत्याही चर्चचे सभासद नव्हते. मात्र बायबलचा संस्कार त्यांच्या भाषेत खोलवर मुरलेला होता. हयातीत अप्रकाशित राहिलेल्या एका टिपणात, ईश्वराचा हेतू दोन्ही पक्षांच्या हेतूंहून भिन्न असू शकेल, असा विचार त्यांनी नोंदविला होता. या भाषणात तोच विचार जाहीर रूप धारण करतो. दोन्ही पक्ष एकच बायबल वाचतात, एकाच ईश्वराची प्रार्थना करतात. परंतु कोणाचीही प्रार्थना पूर्णतः फळाला आलेली नाही, असे ते सांगतात. विजय दृष्टिपथात असताना विजयोन्मादाला घातलेला हा लगाम होय.

ही भूमिका तटस्थतेची मात्र नव्हे. गुलामगिरी हे युद्धाचे मूळ असल्याचे ते स्पष्ट करतात. गुलामांकडून २५० वर्षे विनामोबदला करवून घेतलेल्या श्रमांचे प्रायश्चित्त उत्तर व दक्षिण दोघांनाही भोगावे लागत असावे, असे ते सुचवितात. पराभूतांविषयी द्वेष न बाळगण्याचे आवाहन या सामायिक अपराधाच्या जाणिवेवर उभे आहे.

मर्यादा :
युद्धाकडे ईश्वरी दंड म्हणून पाहिल्याने मानवी निर्णयांची जबाबदारी काहीशी धूसर होते. शिवाय गुलाम येथे इतरांच्या पापाचे बळी म्हणूनच अवतरतात. संघराज्याच्या सैन्यात दाखल झालेल्या सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा उल्लेखही नाही. तरीही गुलामगिरीतून निसटून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी याच भाषणाला पवित्र प्रयत्न मानले, हे विसरता येत नाही.

समारोप :
१४ एप्रिल १८६५ रोजी लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली; दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. १८७७ नंतर दक्षिणेत मुक्त झालेल्यांचे हक्क क्रमाने हिरावले गेले. सलोख्याचे आवाहन स्मरणात राहिले. न्यायाचे ऋण मागे पडले. भाषणात मात्र ही दोन्ही सूत्रे अविभाज्य आहेत. स्वपक्षालाही दोषी ठरविण्याचे धैर्य देणारी श्रद्धाच युद्धकालीन नेतृत्वाला नैतिक अधिष्ठान देऊ शकते, हेच त्यातून अधोरेखित होते.