कॅमेऱ्याची पारध

धारवाड-हुबळीकडील मंडळींस दांडेलीचे रान परके नाही. सकाळी निघावे आणि ऊन चढण्यापूर्वी काळी नदीचे पाणी दृष्टीस पडावे, इतके ते निकट आहे. १९५६ साली येथे अभयारण्य झाले. २००७ साली अणशीच्या राष्ट्रीय उद्यानासह त्याचा व्याघ्र-प्रकल्प झाला आणि २०१५ साली त्यास ‘काळी’ हे नाव मिळाले. वाघ मात्र पाहुण्यांस क्वचितच दर्शन देतो. रविवारी कॅमेरे घेऊन येणाऱ्यांचे खरे लक्ष्य असते धनेश पक्षी. त्यांच्या छायाचित्रांचे कौतुक पुष्कळ होते, परीक्षण होत नाही. ते येथे करण्याचा आमचा मानस आहे.

सर्वाधिक वाहवा मिळते ती घरट्यावरील चित्रास. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरून तिचे तोंड लिंपून घेते. उरते ती केवळ एक फट. कित्येक आठवडे ती आत कोंडून राहते आणि नर वड-उंबराची फळे आणून त्या फटीतून तिला भरवितो. तो क्षण टिपण्याचा मोह कोणास होणार नाही? चित्रही देखणे उतरते. पीसन् पीस स्पष्ट, मागे हिरव्या रंगाची पुसट भिंत. परंतु अशी दहा-वीस चित्रे पाहिली, की ती एकाच चित्राच्या प्रती आहेत असे वाटू लागते. झाड कोणते, रान दाट की विरळ, नर कोठून आला, यांपैकी काहीही त्यांत सापडत नाही. पक्षी आहे, पक्ष्याचे जग नाही.

या संदर्भात आम्हांस एम. वाय. घोरपडे (१९३१–२०११) यांचे स्मरण होते. बळ्ळारीकडील संडूर या मराठी संस्थानाच्या राजघराण्यातले हे गृहस्थ कर्नाटकाचे अर्थमंत्री होते आणि वन्यजीवांचे नामांकित छायाचित्रकारही. १९८३ साली निघालेल्या आपल्या ग्रंथास त्यांनी ‘सनलाइट अँड शॅडोज’, म्हणजे ऊन आणि सावल्या, असे नाव दिले. त्यांचा ओढा कृष्णधवल चित्रांकडे होता. जेथे रंगाचे साह्य नाही, तेथे प्रकाश, छाया, झाडोरा व प्राणी यांचा मेळ घालूनच चित्र उभे करावे लागते; तेथे रान हा प्राण्यामागचा पडदा राहत नाही, चित्राचा विषयच होतो. आजची भिंग अधिक दूरचे पाहतात खरी, पण त्यांनी दृष्टी रुंदावली असे म्हणवत नाही.

हा केवळ रुचीचा प्रश्न असता, तर आम्ही येथेच थांबलो असतो. पण ढोलीखाली माणसांचा घोळका उभा असला, की नर जवळ येण्यास बिचकतो, दूरच्या फांदीवर ताटकळतो. आत कोंडलेल्या मादीस व पिलांस त्या वेळी दुसरा पोशिंदा नसतो. चौकटीत ही उपासमार उमटत नाही, म्हणून परीक्षकाने तिचा हिशेब मागू नये काय?

आमचा व्यवसाय वकिलीचा, म्हणून कायद्याकडेही वाचकांचे लक्ष वेधतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत मारणे व पकडणे यांबरोबरच आमिष दाखविणे आणि पक्ष्यांच्या अंड्यांस वा घरट्यांस उपद्रव देणे याही गोष्टी येतात. कलम २८ अन्वये अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवाना मिळू शकतो; २०२२ च्या दुरुस्तीने त्यास अशी मर्यादा घातली, की अधिवासात बदल होता कामा नये आणि त्यास वा वन्यजीवांस अपाय पोहोचता कामा नये. म्हणजे बंदुकीऐवजी कॅमेरा हाती आला एवढ्याने मनुष्य निर्दोष ठरतो, असे कायदा मानीत नाही.

चित्रे पाहूनच लोकांस रानाची ओढ लागते, असे कोणी म्हणेल. ते आम्हांस मान्य आहे. ज्या पिढ्यांनी भिंतीवर शिंगे टांगली, त्यांच्या नातवंडांनी तेथे छायाचित्रे लावावी, ही प्रगतीच होय. पण देवदर्शनास गेलेला मनुष्य गाभाऱ्यात घुसत नाही. सभामंडपातून जे दिसते तेवढ्याने त्याचे समाधान होते. ढोलीपुढे हाच संयम का नसावा?

आपल्या देशातील काही स्पर्धांनी घरट्यावरील चित्रे घेणे बंद केले आहे. आपल्या दोन्ही शहरांत प्रदर्शने भरविणाऱ्या मंडळींनीही हा नियम करावा आणि प्रत्येक चित्राखाली ते किती अंतरावरून व कसे घेतले, हे लिहिण्याचा आग्रह धरावा. मग नदीकाठच्या उंच झाडावर, पानांच्या गर्दीत लहानसा दिसणारा धनेशही पारितोषिकास पात्र ठरू लागेल. असे चित्र पुढे आल्यास परीक्षकांनी ते ‘फार दुरून घेतलेले’ म्हणून बाजूस सारू नये, एवढीच आमची विनंती आहे.