चार हात वाट

सौंसरहून माताजी विहाराला निघाल्या की आम्ही श्राविका थोडं अंतर सोबत चालतो. ईर्यासमितीचा नियम असा, की चार हात पुढची जमीन बघूनच पाऊल टाकायचं. मुंगीसुद्धा पायाखाली यायला नको. माताजींची नजर खाली, आणि ट्रक अंगाला घासून जातो. मुंगीला जपणारीला कोणी जपायचं?

मंगळवारी-शनिवारी इथल्याच रस्त्यांनी जामसांवलीच्या हनुमानाला लोक पायी जातात. तिथं ‘हनुमान लोक’ उभं राहतंय. २०२३च्या ऑगस्टमध्ये भूमिपूजन झालं, जाहीर झालेला खर्च सुमारे ३१४ कोटी. होऊ द्या. श्रद्धेची जागा देखणी असावीच. पण त्या दारापर्यंत चालत येणाऱ्याला रस्त्याच्या कडेला चार हात वाट नको का?

दुसऱ्या गावी शिकायला जाणाऱ्या मुलींना आपलं सरकार सायकल देतं. चांगलंच आहे. पण सायकल दिली मुलीला आणि रस्ता दिला ट्रकला, हे कसलं देणं?

२०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली; त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५मध्ये सांगितलं. तो हक्क फक्त शहरातल्यांचा नाही.

बायांनो, मंदिरात बोली लागते तेव्हा आपण आकडा कान देऊन ऐकतो. आता रस्ता रुंद करायला कोणी आलं, तर तिथलाही आकडा विचारा: यात चालणारीचा वाटा किती?