कर्करोगसंशोधनातील ‘अवतार’ उंदीर : एक चिकित्सक परामर्श

प्रस्तावना :
कर्करोगाचे नाव एकच असले तरी प्रत्येक रुग्णातील अर्बुदाची जनुकीय घडण निराळी असते. म्हणून औषधयोजनाही व्यक्तिपरत्वे ठरावी, असा आधुनिक चिकित्सेचा आग्रह आहे. त्यासाठी रुग्णाच्या गाठीचा अंश प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात रुजवून त्यावर औषधे पारखली जातात. पाश्चात्त्य संशोधक अशा उंदराला ‘अवतार’ म्हणतात. हे नाव कितपत सार्थ आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका :
मानवी अर्बुद ‘नग्न’ उंदरात वाढू शकते, हे रायगार्ड व पोव्हल्सेन यांनी १९६९ मध्ये दाखविले. मुंबईत त्याआधीच, परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात, डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांतील स्तनकर्करोगाचा अभ्यास केला होता. रोग कसा उद्भवतो, आनुवंशिकता व संप्रेरके यांचा त्यात वाटा कोणता, हे त्या संशोधनाचे प्रश्न होते. ते रोगाविषयीचे सर्वसामान्य प्रश्न होते. ‘अवतार’ उंदराकडून मात्र एकाच रुग्णाविषयी उत्तर अपेक्षिले जाते.

विवेचन :
या अपेक्षेला तीन अडचणी आहेत. पहिली काळाची. गाठ रुजून वाढण्यास व औषधे पारखण्यास कित्येक महिने जातात. शिवाय प्रत्येक गाठ रुजतेच असे नाही. दुसरी अडचण अशी की, प्रतिकारशक्तीच नसलेल्या प्राण्यात प्रतिकारशक्ती जागविणाऱ्या औषधांची परीक्षा होऊ शकत नाही. तिसरी अडचण सूक्ष्म आहे. उंदरात वाढताना गाठीची जनुकीय घडण मूळ रुग्णातील गाठीपासून दूर जाऊ शकते, हे बेन-डेव्हिड व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये निदर्शनास आणले. आपल्या परंपरेत पूर्णावतार व अंशावतार असा भेद आहे. त्या परिभाषेत हा उंदीर रोगाचा अंशावतार ठरतो. रुग्णाचा अवतार तर तो मुळीच नव्हे.

व्यक्तिनिष्ठ उपचाराचा दुसरा मार्गही मुंबईतच दिसतो. आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून साकारलेल्या ‘नेक्सकार१९’ या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी बदलून त्याला परत दिल्या जातात. अशा उपचारपद्धतीच्या पूर्वपरीक्षेत उंदरांचा उपयोग होतो. परंतु प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र उंदीर लागत नाही.

निष्कर्ष :
मीरा-भाईंदरहून लोकलने परळ गाठणाऱ्या रुग्णाजवळ पैशाइतकीच वेळेचीही टंचाई असते. उंदराच्या उत्तराची वाट पाहण्यात त्याचे महिने खर्ची पडणे परवडणारे नाही. त्याच्याच गाठीची वेळेवर जनुकीय तपासणी होणे, हे अधिक निकडीचे होय. प्राणिप्रतिमाने त्याज्य नाहीत. अनेक रुग्णांच्या गाठींचा संग्रह म्हणून त्यांचे मोल मोठे आहे. मात्र त्यांनी रोगसमूहाविषयी बोलावे. एका माणसाचा निर्णय त्यांच्यावर सोपवू नये.