होकाराचे व्याकरण

ख्रिस्ती श्रद्धेतील ईशेच्छेच्या नम्र स्वीकाराविषयी मराठीत लिहिताना ‘शरणागती’ ही संज्ञा इतक्या सहजतेने योजली जाते की मूळ प्रसंगातील एक घटक नजरेआडच होतो. तो घटक म्हणजे प्रश्न. लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात मरिया देवदूताला होकार देते, परंतु तत्पूर्वी हे घडणार कसे, याची ती विचारणा करते. त्याच अध्यायात वृद्ध याजक जखऱ्या हाही प्रश्न विचारतो आणि त्याची वाचा जाते. जखऱ्याला खात्रीसाठी खूण हवी आहे. मरियेला रीत समजून घ्यायची आहे. निवेदकाने हे दोन प्रसंग लागोपाठ ठेवले आहेत, त्यामुळे एकाचे वाचन दुसऱ्यावाचून पुरे होत नाही. मरियेच्या प्रश्नाला शिक्षा नाही, उत्तर मिळते. होकार त्यानंतरचा आहे.

या होकाराचे क्रियापदही तपासून पाहण्याजोगे आहे. ग्रीक संहितेत मरियेच्या तोंडी येणारे ‘गेनॉइतो’ हे इच्छार्थक रूप आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूची प्रार्थना आणि गेथशेमाने बागेतील येशूची दुसरी विनवणी यांत येते ते ‘गेनेथेतो’ हे आज्ञार्थी रूप. उत्पत्तीच्या ग्रीक भाषांतरात प्रकाश निर्माण होतो तोही याच रूपाने. लॅटिन भाषांतराने या सर्व ठिकाणी ‘फियात’ हा एकच शब्द वापरला. सृष्टीची आज्ञा आणि नासरेथच्या एका तरुणीची अनुमती यांत त्यामुळे विलक्षण अनुनाद निर्माण झाला, हे खरे. पण तिच्या उत्तरातील इच्छेचा स्वर मात्र त्यात लोपला. मराठी ‘होवो’ व्याकरणकार आज्ञार्थात बसवतात. व्यवहारात ते आशीर्वादाचे आणि प्रार्थनेचे रूप आहे. लॅटिनमध्ये हरवलेले काहीतरी येथे, बहुधा नकळतच, परत मिळते.

‘दासी’ या शब्दाबाबत नेमके उलटे घडते. मराठी वाचकाच्या कानी तो जनाबाईच्या परंपरेतून येतो. दळणकांडणात विठ्ठल सोबत करतो अशी त्याची जवळीक आहे. ग्रीक ‘दूले’ला ही ऊब नाही. ती गुलाम स्त्री, जिची संमती घेण्याची कोणालाच गरज नसते. प्रसंगाची खरी गाठ येथे आहे: जिला विचारण्याचे कारण नाही अशा स्थितीचे नाव मरिया स्वतःला देते, आणि तरीही तिच्या उत्तरावाचून कथा पुढे सरकत नाही. बाराव्या शतकात क्लेअरव्हो येथील बर्नार्डने आपल्या प्रवचनात अवघ्या जगाला या उत्तराची वाट पाहायला लावले, ते या जाणिवेतूनच. नकार संभवतच नसता तर वाट कसली पाहायची?

हा प्रश्न थॉमस स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’पाशी आणला की तो अवघड होतो. स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आला. 1583 मध्ये साष्टीतील कुंकळ्ळी येथे पाच जेझुइटांची हत्या झाली आणि पाठोपाठ गावच्या पुढाऱ्यांना पोर्तुगीजांनी ठार केले. ग्रंथ 1616 मध्ये छापला गेला. त्याच्या पहिल्या श्रोत्यांच्या परिसरात पोर्तुगीज घरांतून खरोखरीचे गुलाम राबत होते. तेथे ‘दासी’ हे केवळ रूपक नव्हते, आणि ज्या होकारामागे राजसत्ता उभी असते त्याला नकाराची मोकळीक कितपत होती, ही शंका बाजूला सारता येत नाही. या ग्रंथाचा गौरव मराठीत बहुधा भाषाप्रेमाच्या अंगाने झाला आहे. तो गौरव योग्यच. मात्र त्यात श्रोत्यांची बाजू दबून राहिली.

ती बाजू ग्रंथाच्या चौकटीत शिल्लक आहे. पहिल्याच अवस्वरात एक नवख्रिस्ती श्रोता पाद्रीपुढे आपली उणीव मांडतो: जुनी पुराणे सुटली, त्यांच्या जागी काही हवे. स्वीकार केलेल्या माणसाची ही मागणी आहे, आणि साऱ्या ओव्यांचा विस्तार तिच्या उत्तरादाखल येतो. बाप्तिस्म्यानंतरही तो विचारतो आहे.