मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील सेवाधर्म

जबलपूरच्या दक्षिणेस असलेल्या टेकडीवर, ग्रॅनाइटच्या एका प्रचंड शिळेवर, मदन महल ही गोंड राजवटीची लहानशी वास्तू उभी आहे. तिच्या पायथ्याचा गढा हा परिसर एके काळी गोंडांचे सत्ताकेंद्र होता. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी हे राज्य घेतले, १७९८ मध्ये ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती पडले. १८६१ मध्ये नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत निर्माण झाला आणि पुढे शतकभर, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत, जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यकारभाराखाली राहिले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या मुलखाचा उल्लेख क्वचित येतो. परंतु मराठी ख्रिस्ती साहित्यातील सेवाविचाराला निर्णायक वळण देणाऱ्या दोन घटना याच मध्य प्रांताशी निगडित आहेत. १८९६-९७ च्या दुष्काळात जबलपूर, सागर, दमोह आणि मंडला हे जिल्हे होरपळून निघाले, तेव्हा पंडिता रमाबाई अनाथ मुलींच्या शोधात याच प्रांतात आल्या. त्यापूर्वी तीन-चार वर्षे नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असता, आगगाडीतील एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला होता.

ख्रिस्ती धर्मविचारात देवाची सेवा आणि माणसाची सेवा ही दोन वेगळी कर्तव्ये मानलेली नाहीत. देवावर संपूर्ण प्रीती आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती या दोन आज्ञा शुभवर्तमानात एकत्र येतात. भुकेल्याला दिलेले अन्न प्रत्यक्ष प्रभूलाच पोचते, असे मत्तयाच्या शुभवर्तमानातील न्यायाच्या दिवसाचे चित्र सांगते. आणि वचने ऐकून त्याप्रमाणे वागणाराच खडकावर घर बांधतो, असे त्याच शुभवर्तमानातील दृष्टान्त बजावतो. हा विचार मराठी मनाला सर्वस्वी अपरिचित नव्हता. रंजल्यागांजल्यांना आपले म्हणणाऱ्याच्या ठायी देव ओळखण्याची शिकवण तुकारामांनी दिलेलीच होती, आणि नवविधा भक्तीत पादसेवन व दास्य यांना स्थान होते. नवीन होता तो ‘शेजारी’ या शब्दाला मिळालेला अर्थ. आळी, वाडा आणि पंगत यांनी आखलेल्या गावात शेजारी म्हणजे बहुधा स्वजातीयच. शोमरोनी माणसाच्या दृष्टान्तात मात्र जखमी वाटसरूला उचलणारा परका, तिरस्कृत समाजातला ठरतो. हा दृष्टान्त गंभीरपणे स्वीकारणाऱ्या मराठी लेखकाला आपल्या भूगोलाची, आपल्या घराच्या उंबरठ्याची पुनर्मांडणी करणे भागच होते. ती मांडणी कशी झाली, तिला कोणती किंमत पडली आणि ती शब्दांत कितपत उतरली, हा येथील विचाराचा विषय आहे.

बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीने विधवांच्या दुःखाला प्रथम कथात्म रूप दिले. परंतु तेथे करुणा ही सुधारणेच्या युक्तिवादाचे साधन आहे. पात्रे दुःख सांगतात आणि त्यातून धर्मतत्त्व सिद्ध होते. रमाबाईंच्या लेखनात हा क्रम उलटतो. त्यांची भूक आधी आहे, सिद्धान्त नंतर. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येने मद्रास इलाख्यातील दुष्काळात आई-वडील आणि बहीण यांचा मृत्यू पाहिला होता. भाऊ श्रीनिवास याच्यासह पायी हिंडत ती १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली, तेथे ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरवली गेली. म्हणूनच मध्य प्रांतातील दुष्काळाविषयी त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या वृत्तान्ताला वरून पाहणाऱ्या दानशूराचा सूर लागत नाही. समोरच्या मुलीची उपासमार त्यांच्या स्वतःच्या आठवणीला जागी करते, आणि सेवा ही दया न राहता परतफेड होते. या प्रवासांतून सुमारे ३०० मुली त्यांनी आणल्या. पुण्यातील प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना तेथे ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले.

या सेवादृष्टीचे मूळ रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या साक्षीत सांगितले आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये असताना, वाँटेजच्या ज्या भगिनीसंघात त्या राहत होत्या त्याचे लंडनमधील फुलहॅम येथील सेवाकार्य त्यांना दाखवण्यात आले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागवले जात होते. धर्मशास्त्रांचे अध्ययन केलेल्या रमाबाईंना हे अनोखे वाटले, कारण अशा स्त्रीसाठी त्यांना ठाऊक असलेल्या शास्त्रांत शिक्षा होती, घर नव्हते. याचे कारण त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. येथे लक्षणीय गोष्ट ही की, रमाबाईंच्या बाबतीत सेवा हे धर्मस्वीकाराचे फळ नसून धर्मस्वीकाराचा पुरावा आहे. त्या तत्त्वज्ञानाने जिंकल्या गेल्या नाहीत. आधी कृती पाहिली आणि मग तिच्यामागचे नाव विचारले. साक्षीच्या पुढील भागात त्या आणखी एक कठोर भेद करतात: ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र बराच नंतर सापडला. सेवेच्या संस्था उभारूनही अंतःकरण कोरडे राहू शकते, ही कबुली त्या काळच्या धर्मप्रचारक वाङ्मयात विरळाच आढळते.

तथापि, याच ठिकाणी मूळ प्रश्न उभा राहतो. माणसाची सेवा जर देवासाठी करावयाची असेल, तर ज्याची सेवा होते तो माणूस साध्य ठरतो की साधन? १८९३ च्या शारदासदन प्रकरणात हाच प्रश्न मराठी समाजाने कडवटपणे विचारला. विधवांच्या शिक्षणासाठी १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेली आणि पुढे पुण्यास हलवलेली ही संस्था धर्मनिरपेक्ष राहील, अशी अपेक्षा होती. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्याचे समजताच ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक मुली काढून नेण्यात आल्या. रमाबाईंची भूमिका अशी की, आपली प्रार्थना लपवणे हा अप्रामाणिकपणा होय. ती भूमिका सचोटीची आहे; परंतु आश्रय देणारी आणि आश्रित यांच्या सामर्थ्यात जे अंतर असते, त्याचा विचार तिच्यात पुरेसा झालेला दिसत नाही. निराधार मुलीला नकार देण्याचे स्वातंत्र्य कितपत असते, हा टीकाकारांचा प्रश्न त्यांच्या हेतूंपासून वेगळा काढूनही शिल्लक राहतो. रमाबाईंच्या दुष्काळवृत्तान्तातही मुली बहुधा समूहरूपाने येतात; त्यांची हाडे दिसतात, त्यांचा आवाज क्वचित ऐकू येतो. ही त्या लेखनाची वाङ्मयीन आणि त्याबरोबरच नैतिक मर्यादा आहे.

दुसऱ्या बाजूने, रमाबाईंची सेवा आज्ञाधारक नव्हती, हेही ध्यानात घ्यावे लागते. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात चर्चच्या अधिकारापुढे सदसद्विवेक गहाण टाकण्यास त्या ठाम नकार देतात. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांची होणारी आबाळ त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून चव्हाट्यावर आणली, आणि सरकारचा रोष पत्करला. देवाची सेवा म्हणजे सत्तेची सेवा नव्हे, ही जाणीव या पत्रांमागे आहे. अखेरच्या वर्षांत त्यांनी हाती घेतलेले बायबलचे मराठी भाषांतरही याच दृष्टीने पाहावे. हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेला हा अनुवाद विद्वानांसाठी नसून अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांसाठी होता, आणि तो मुक्तिसदनाच्या छापखान्यात तेथील स्त्रियांच्याच श्रमांनी छापला गेला. संस्कृतवर प्रभुत्व असलेल्या पंडितेने जाणीवपूर्वक साधी मराठी निवडणे, हाही एक सेवेचाच प्रकार होय. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले; संपूर्ण ग्रंथ त्यानंतर प्रसिद्ध झाला.

ना. वा. टिळकांचा मार्ग वेगळा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन केले, परंतु मिशनच्या पगारी सेवेत त्यांचे मन रमले नाही. १९१७ मध्ये तिचा त्याग करून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त सामावून घेण्याचा संकल्प होता. सेवेला त्यांनी वारकरी भक्तीची परिभाषा दिली. पगारी प्रचारक आणि निरिच्छ सेवक यांतील अंतर त्यांना जाणवले होते. ९ मे १९१९ रोजी ते वारल्यामुळे हा प्रयोग अपुराच राहिला. त्यांच्या काव्यात सेवा ही आत्मसमर्पणाची उन्नत अवस्था आहे. या उन्नत अवस्थेचा घरखर्च कोण चालवते, हे मात्र काव्यातून समजत नाही.

ते समजते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’तून. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात सेवेचे तत्त्वज्ञान जवळजवळ नाही. आहे ती सेवेची दिनचर्या. टिळकांच्या औदार्याने घरात पैसा टिकत नाही, आले-गेलेल्यांनी घर भरलेले असते, अनाथ मुले आणली जातात, आणि त्यांची भाकर, अंथरूण, आजारपण यांचा भार लक्ष्मीबाईंवर पडतो. त्या कुरकुरतात, भांडतात, हसतात आणि काम करतात. सोवळ्याच्या अतिरेकी जाचात बालपण गेलेली ही स्त्री नवऱ्याच्या धर्मांतराने उद्ध्वस्त होते, काही वर्षे त्याच्यापासून दूर राहते, आणि जातिभेद ईश्वरनिर्मित नाही हे तिला स्वतःच्या विचाराने पटते तेव्हाच तिचा उंबरठा खुला होतो. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला. कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय त्याच्या आधीचा. ‘शेजारी’ या शब्दाचा नवा अर्थ त्यांना प्रवचनातून कळला नाही. स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या तांब्यातून कळला.

साधन की साध्य या प्रश्नाचे ‘स्मृतिचित्रे’तील उत्तर मूक पण स्पष्ट आहे. येथे आश्रित समूहरूपाने येत नाहीत. नकुशी ही नकुशीच असते, तिच्या खोड्यांसह आणि हट्टांसह. बालकवी ठोंबरे टिळकांच्या घरी राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे सांभाळले. पण त्या घरी राहूनही ते हिंदूच राहिले, आणि त्यामुळे मायेत उणेपणा आला नाही. लक्ष्मीबाईंच्या विनोदालाही येथे नैतिक कार्य आहे. सेवा करणाऱ्याला स्वतःच्या थोरवीचा मोह पडण्याची भीती सर्वांत अधिक. लक्ष्मीबाई स्वतःची फजिती सांगून तो मोह मोडून काढतात. टिळकांकडेही त्या भक्तिभावाने पाहतात, पण त्यांच्या अव्यवहाराचा हिशेब मांडायला विसरत नाहीत. एका माणसाच्या त्यागामागे दुसऱ्या माणसाचे कष्ट असतात, हे मराठी गद्यात इतक्या मोकळेपणाने पूर्वी कोणी सांगितले नव्हते.

या तिघांना एकत्र वाचल्यास मराठी ख्रिस्ती साहित्याविषयीचा एक रूढ समज तपासून पाहावा लागतो. हे साहित्य प्रचारासाठी लिहिले गेले, म्हणून त्याचे वाङ्मयीन मूल्य मर्यादित, असे एका बाजूने म्हटले जाते. आणि ‘स्मृतिचित्रे’ श्रेष्ठ आहे कारण त्यात धर्म गौण आहे, असे दुसऱ्या बाजूने. दोन्ही मते अपुरी आहेत. ‘स्मृतिचित्रे’त धर्म गौण नाही; तो प्रतिपादनातून निघून वागणुकीत मुरला आहे. रमाबाईंचे सामर्थ्य संस्था उभारण्याच्या आणि अधिकाराला प्रश्न विचारण्याच्या धैर्यात आहे, टिळकांचे भक्तीला देशी शब्द देण्यात, आणि लक्ष्मीबाईंचे समोरच्या माणसाला त्याच्या नावाने ओळखण्यात. यांपैकी शेवटचे सामर्थ्य दिसायला सर्वांत लहान आहे; परंतु देवासाठी केलेली सेवा माणसाला पोचली की नाही, याची कसोटी तेथेच लागते. दृष्टान्तातील परक्या वाटसरूने जखमीची जात विचारली नव्हती, धर्मही विचारला नव्हता. त्याने जखम बांधली, त्याला आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत पोचवले आणि पुढील खर्चाचीही तजवीज केली. मराठी गद्यात त्या खर्चाचा प्रामाणिक जमाखर्च लक्ष्मीबाईंच्याच वहीत सापडतो.