कवटी, दात आणि नोंद : इरावती कर्वे यांच्या संशोधनाचे एक पुनर्वाचन

प्रस्तावना :

डॉ. इरावती कर्वे (1905-1970) हे नाव मराठी समीक्षेत ‘परिपूर्ती’ आणि ‘युगान्त’ या दोन ग्रंथांशी जोडले गेले आहे. ‘युगान्त’ला 1968 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर त्यांच्याविषयी जे लिहिले गेले ते बहुतांशी ललितनिबंध व महाभारतचिकित्सा यांच्या अंगाने. त्यांची पहिली मोठी अभ्याससामग्री मात्र महाभारत नव्हती. ती संग्रहालयातील मानवी कवट्या ही होती. आपल्या समीक्षेने हा भाग ‘शास्त्रीय’ म्हणून बाजूला ठेवला. ही विभागणी सोयीची असली तरी योग्य नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बर्लिनमधील कवट्या :

मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली एम. ए. चे संशोधन केल्यानंतर इरावतीबाई बर्लिनला गेल्या. तेथील कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेची स्थापना 1927 मध्ये झाली होती आणि तिचे संचालक होते ऑयगेन फिशर. फिशर यांनी 1908 मध्ये जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेतील रेहोबोथ येथे मिश्रवंशीय लोकांची मोजमापे घेऊन वंशशुद्धीचा सिद्धांत मांडला होता. युरोपीय माणसाच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग अधिक विकसित असल्याने त्याची कवटी अधिक असममित असते, आणि ही असममिती बुद्धीची खूण आहे, असे त्यांचे गृहीतक होते. त्याच्या सिद्धतेचे काम या विद्यार्थिनीकडे आले. तिने युरोपीय व युरोपाबाहेरील 149 कवट्या मोजल्या आणि वंश व असममिती यांचा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. प्रबंध 1931 मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. गुरूच्या संस्थेत राहून गुरूच्या मताविरुद्ध आकडे मांडण्याचे हे धैर्य असामान्यच म्हटले पाहिजे. अलीकडच्या इंग्रजी चरित्रलेखनाने (2024) या प्रसंगाला न्याय दिला आहे.

परंतु येथेच थांबले तर ते गौरवलेखन होईल. इरावतीबाईंनी निष्कर्ष नाकारला. पद्धत नाकारली नाही. माणसांचे गट मोजपट्टीने समजतात, हा विश्वास त्यांनी पुढेही बाळगला. डेक्कन कॉलेजात आल्यावर संख्याशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासमवेत त्यांनी महाराष्ट्रातील जातींची जी शरीरमापने 1951 मध्ये प्रसिद्ध केली, त्यांत डोके, नाक व चेहरा यांच्या मापांचे तेच तक्ते आहेत. ज्या लेखिकेने ‘युगान्त’मध्ये द्रौपदीला व कुंतीला देवत्वातून सोडवून माणूस म्हणून उभे केले, तिच्या बर्लिनच्या प्रबंधात मात्र माणूस तक्त्यातील एक ओळ होऊन येतो. प्रबंधाचा विषय कवट्यांची मापे हा होता. त्या कोणाच्या, कोठून व कशा आणल्या, हा नव्हता. बर्लिनच्या संग्रहांत वसाहतींतून आणलेल्या कवट्या मोठ्या संख्येने होत्या. पूर्व आफ्रिकेतील अशा सुमारे 1,100 कवट्यांचा मूलशोध घेण्याचे काम तेथे 2017 नंतर झाले. फिशर यांच्या संस्थेच्या परिसरात 2014 पासून हाडांचे सुमारे 16,000 तुकडे सापडले. ती माणसे कोणत्या ‘गटा’ची होती याची तपासणी पुन्हा न करता 2023 मध्ये त्यांचे दफन करण्यात आले.

पुण्यातील संग्रह :

बर्लिनचे हे धागे पुण्यापर्यंतही येतात. गुजरातमधील लांघणज येथे 1944 पासून सांकलिया व इरावतीबाई यांच्या सहभागाने मानवी सांगाडे मिळाले. त्यांचा सविस्तर अहवाल डेक्कन कॉलेजने 1965 मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या दोन लेखकांपैकी एक सोफी एऱ्हार्ट. नाझी काळात सिंती व रोमा लोकांची वांशिक नोंदणी करणाऱ्या कचेरीत या बाईंनी काम केले होते आणि युद्धानंतर त्या ट्यूबिंगेन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. त्या नोंदणीची कागदपत्रे विद्यापीठातून बाहेर काढण्यासाठी सिंती कार्यकर्त्यांना 1981 मध्ये तेथे ठिय्या द्यावा लागला. अहवालातील मापे त्यामुळे चुकीची ठरत नाहीत. मात्र ती वाचताना मोजणारा हात कोणाचा, हे वाचकाला ठाऊक असले पाहिजे.

याउलट इनामगावचा संग्रह पाहावा. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी 1968 ते 1983 या काळात झालेल्या उत्खननात इ. स. पू. 1600 ते 700 या काळातील वस्ती आणि दोनशेहून अधिक दफने उजेडात आली. मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरलेले. मोठ्यांचे पाय घोट्याशी तोडलेले. सुभाष वाळिंबे व जॉन लुकाच यांनी या सांगाड्यांचा अभ्यास 1986 मध्ये ग्रंथरूपाने मांडला. त्यांच्या कामात दाताला जे स्थान मिळाले ते विशेष आहे. दातावरील इनॅमल एकदा तयार झाले की पुन्हा भरून येत नाही. बाळाच्या आजाराची वा उपासमारीची खूण त्यावर खळग्याच्या रूपाने कायम राहते. दुधाच्या सुळ्यांवरील असे खळगे पाहून तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरात आई व मूल यांचे पोषण कसे होते, याचा अंदाज बांधता येतो. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी 2011 च्या ग्रंथात याच मुलांच्या सांगाड्यांवरून, पाऊस कमी झाला म्हणून वस्ती मोडली, या सरळ स्पष्टीकरणाला आव्हान दिले.

अवयव तेच, डोके आणि जबडा. प्रश्न बदलला. बर्लिनमध्ये कवटीला ‘तू श्रेष्ठ की कनिष्ठ’ असे विचारले गेले; इनामगावात दाताला ‘तुला खायला काय मिळाले’ असे. दुसरा प्रश्न विचारता आला याचे कारण केवळ अभ्यासकांची सहृदयता नव्हे. प्रत्येक सांगाडा कोणत्या घरात, कोणत्या थरात मिळाला याची नोंद उत्खननात ठेवली गेली होती. नोंद नसती तर तोच दात निव्वळ मापापुरता उरला असता. (या संशोधनाचे मूळ अहवाल इंग्रजीत आहेत, ही खंत आहेच.)

आपल्या महाविद्यालयांतील कपाटे :

राधानगरीसारख्या तालुक्यात बसून हे लिहिताना एक विसंगती जाणवते. दाजीपूरच्या जंगलात गवा मेला तर वनखाते पंचनामा करते. जागा, तारीख, मृत्यूचे कारण सारे कागदावर येते. अनेक महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागातील काचेच्या कपाटात मात्र मानवी कवटी असते, तिच्यावर क्रमांक असतो, गाव नसते. मुंबई राज्याच्या 1949 च्या कायद्याने बेवारस मृतदेह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याची तरतूद केली. शिवाय मानवी सांगाड्यांचा व्यापार कलकत्त्यातून जगभर चालत असे. त्याची निर्यात भारत सरकारने 1985 मध्ये बंद केली. आपल्या कपाटातील कवटी या दोन वाटांपैकी कोणत्या वाटेने आली, हे शोधण्यासाठी बर्लिनला जाण्याची गरज नाही. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये खरेदीची तारीख, किंमत आणि पुरवठादार यांचे रकाने असतात. इतिहास, मराठी व प्राणिशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन जिल्ह्यातील महाविद्यालयांची जुनी रजिस्टरे वाचावयास घेतली, तर निदान पुरवठादारापर्यंतचा माग लागू शकेल.