सी भाषेची जन्मकथा आणि दोन जुने कम्पायलर

संगणकशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत सी भाषेचा इतिहास एका वाक्यात आटोपतो : 'ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ साली बेल प्रयोगशाळेत तयार केली.' वाक्य चूक नाही. परीक्षेत त्याला गुणही मिळतो. पण पुढच्याच प्रकरणांत विद्यार्थ्याला काही चमत्कारिक नियम भेटतात. अॅरेचे नाव पदावलीत आले की त्याचा पॉइंटर होतो. & या चिन्हाचा अग्रक्रम == च्याही खाली असतो. 'असे का?' या प्रश्नाला 'सीमध्ये असेच असते' एवढेच उत्तर मिळते आणि विद्यार्थी नियम पाठ करून टाकतो.

या 'का'ची उत्तरे इतिहासात आहेत, आणि तो इतिहास स्वतः रिची यांनी लिहून ठेवला आहे. प्रोग्रॅमिंग भाषांच्या इतिहासावरील दुसऱ्या परिषदेत, १९९३ साली, त्यांनी सी भाषेच्या विकासावर निबंध सादर केला. पुढे त्यांच्याच १९७२-७३ च्या सुमाराच्या दोन सी कम्पायलरांचा मूळ मजकूरही जुन्या फितींवरून वाचून काढण्यात आला. निबंध आणि हे कम्पायलर शेजारी ठेवून वाचले तर काय हाती लागते, ते पाहू.

निबंधाचा पहिला गुण असा की, तो 'शोध लागला' ही भाषा वापरत नाही. मार्टिन रिचर्ड्‌स यांची बीसीपीएल, तिच्यावरून १९६९-७० च्या सुमारास केन थॉम्प्सन यांनी केलेली बी, १९७१ मध्ये बीमध्ये भर घालून रिचींनी केलेली एनबी म्हणजे 'नवी बी', आणि तिच्यातून सी, अशी वंशावळ ते मांडतात. कोणती कल्पना कोणाकडून घेतली, हेही सांगतात. && आणि || ही चिन्हे अॅलन स्नायडर यांच्या सूचनेमुळे आली, अशी बारीक ऋणेही ते विसरत नाहीत.

दुसरा गुण म्हणजे ते कारणे देतात, आणि ती बहुतेक यंत्राच्या मर्यादांतून आलेली आहेत. बी भाषा जन्मली त्या पीडीपी-७ यंत्राची स्मृती १८ बिटांच्या ८ हजार शब्दांची होती. नंतरच्या पीडीपी-११ ला २४ किलोबाइट स्मृती होती. तुम्ही वाचत असलेला हा लेख आजच्या युनिकोड पद्धतीने साठवला तर त्यालाच १५ ते २० किलोबाइट लागतील! थॉम्प्सननी बीचा कम्पायलर आधी टीएमजी नावाच्या साधनाने लिहिला आणि मग बीमध्येच पुन्हा लिहून काढला. भाषेत नवी सोय घातली की कम्पायलर फुगे आणि स्मृतीत जेमतेम मावे. मग तीच सोय वापरून कम्पायलर पुन्हा लिहिला की तो आकसे. भाषा आणि तिचा अनुवाद करणारी आज्ञावली अशा एकमेकींना ओढत पुढे गेल्या.

अॅरेच्या नियमाचे मूळही असेच ठोस आहे. बीमध्ये अॅरे घोषित केला की एक जास्तीचा शब्द राखून त्यात अॅरेच्या सुरुवातीचा पत्ता ठेवला जाई. एनबीतही तसेच चालू राहिले. पण युनिक्सच्या डिरेक्टरीतील प्रत्येक नोंद १६ बाइटांची होती : २ बाइटांचा क्रमांक आणि १४ बाइटांचे नाव. तिच्याशी तंतोतंत जुळणारी संरचना भाषेत हवी, तर त्या नावाचा छुपा पत्ता ठेवायचा कुठे? रिचींचा उपाय असा : पत्ता साठवायचाच नाही, अॅरेचे नाव पदावलीत आले की त्या वेळी तो काढायचा. बीमधील जुन्या आज्ञावल्याही त्यामुळे चालत राहिल्या. हे दहा मिनिटांत फळ्यावर समजावता येते, आणि मग तो नियम विद्यार्थ्याला लहरी वाटत नाही.

तरीही निबंधातील दोन उणिवा दाखवल्या पाहिजेत. पहिली & च्या अग्रक्रमाविषयी. बीमध्ये && नव्हते. 'अ == ब & क' असे लिहून दोन अटी जोडत. && आल्यावर जुन्या आज्ञावल्या बदलणे सोपे जावे म्हणून & ची जागा होती तीच ठेवली. ती हलवली असती तर बरे झाले असते, हे रिची मान्य करतात, पण विषय तेथेच सोडतात. त्या वेळी सी वापरणारे थोडे होते, आज्ञावल्याही थोड्या होत्या. तेव्हा वाचवलेल्या त्या श्रमांची किंमत पुढच्या सर्व पिढ्या कंस घालून किंवा चुका शोधून मोजत आहेत. तात्पुरती सोय कायमची कशी होऊन बसते, हा या कथेतील मोठा धडा आहे, आणि निबंध त्याला पुरेशी जागा देत नाही.

दुसरी उणीव अधिक महत्त्वाची. निबंध भाषेविषयी बोलतो. कम्पायलर मात्र पडद्यामागेच राहतो. घडून गेल्यावर वीस वर्षांनी, यशस्वी झालेल्या माणसाने सांगितलेली ही हकीकत आहे. ती प्रामाणिक आहे, पण पुरावा म्हणून तिला जोड हवी. ती जोड त्या दोन फितींनी दिली. डेकटेप वाचणारी यंत्रे तोवर दुर्मीळ झाली होती. पॉल व्हिक्सी आणि कीथ बॉस्टिक यांनी असे एक यंत्र मिळवून त्या वाचल्या.

पहिल्या कम्पायलरचे नाव 'लास्ट-११२०-सी', म्हणजे पीडीपी-११/२० हे यंत्र सोडतानाची शेवटची प्रत. त्यात संरचनेसाठीचा 'स्ट्रक्ट' हा शब्द कोठेही नाही. पॉइंटर घोषित करताना नावापुढे रिकामे चौकटी कंस आहेत, अगदी एनबीसारखे. आजही फंक्शनच्या चलांच्या यादीत रिकाम्या कंसांचा अर्थ पॉइंटर असा होतो, तो याच जुन्या रूपाचा अवशेष. दुसरा कम्पायलर 'प्रीस्ट्रक्ट-सी'. त्याला संरचना समजतात, पण तो स्वतः त्या वापरत नाही. विसंगत वाटणारी ही गोष्ट अटळ आहे. सीमध्ये लिहिलेल्या कम्पायलरचा अनुवाद आधीचा कम्पायलर करणार. त्याला जी सोय ठाऊक नाही, ती नव्याच्या मजकुरात वापरता येत नाही. आधी शिकायचे आणि पुढच्या आवृत्तीत वापरायचे, ही पायरी येथे गोठून राहिली आहे.

या प्रतींतून काळाचा क्रमही वाचता येतो. जागा वाचवण्यासाठी दोन्ही कम्पायलर आपल्याच सुरुवातीच्या, एकदा चालून निरुपयोगी झालेल्या आज्ञांवर तात्पुरती माहिती लिहितात. जुना कम्पायलर ही सुरुवात एका फंक्शनच्या नावावरून शोधतो. नवा ती शून्य पत्त्यावर आहे असे गृहीतच धरतो. यावरून, मधल्या काळात पत्त्यांची फेरमांडणी करणारे यंत्र आले होते, असा निष्कर्ष रिचींनीच काढला आहे. नव्या कम्पायलरात 'वेस्ट' नावाचे एक फंक्शनही आहे. ते स्वतःचेच नाव पुन्हा पुन्हा घेते. जागा व्यापण्यापलीकडे त्याला काम नाही. भूशास्त्रज्ञ खडकांचे थर वाचतो, तशीच ही रीत आहे. निबंधातील स्मृतीच्या टंचाईचे वर्णन पटते ते असे पुरावे पाहिल्यावर.

मग '१९७२' या सालाचे काय? १९७१ मध्ये एनबी, १९७२ मध्ये सी हे नाव, १९७३ च्या आरंभी भाषेची मुख्य अंगे पूर्ण, आणि त्या उन्हाळ्यात युनिक्सचा गाभा सीमध्ये पुन्हा लिहिला गेला. १९७२ मधील तसाच प्रयत्न थॉम्प्सननी सोडून दिला होता. तेव्हा भाषेत संरचना नव्हत्या. एक साल निवडायचेच तर १९७२ ठीक आहे, पण ते वाटेवरचा एक मैलाचा दगड आहे, एवढे वर्गात सांगायला हवे.

शिक्षकांनी हा निबंध जरूर वाचावा. त्याचे इंग्रजी सुबोध आहे आणि सी येणाऱ्या बारावीच्या विद्यार्थ्यालाही त्यातील बराच भाग झेपेल. मात्र त्याबरोबर त्या कम्पायलरांची चार-दोन पानेही समोर ठेवावीत. 'अ & ब == क' याचा अर्थ काय लागेल, हे आधी विद्यार्थ्यांना ओळखू द्यावे, आणि बहुतेकांचे उत्तर चुकले की मग बी भाषेची गोष्ट सांगावी. नियमामागे माणसे होती, त्यांच्यापुढे अडचणी होत्या आणि त्यांचेही काही निर्णय चुकले, हे कळलेला विद्यार्थी पुढचा नियम पाठ करण्याआधी त्याचे कारण विचारील.